तोराचा साप्ताहिक पाठ : शनिवारचा घाणा

आंबिवलीहून कल्याणमार्गे ठाण्याला नेहमी जाणाऱ्यांपैकी कित्येकांनी टेंभी नाक्याजवळचे ‘शाआर हाशामाइम’ सिनेगॉग बाहेरून पाहिले असेल. ते १८७९ साली बेने इस्राएली या कोकणातल्या ज्यू समाजाने बांधले. तिथे शनिवारी सकाळी तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीतून त्या आठवड्याचा पाठ वाचला जातो. वर्षभरात ५४ पाठ पूर्ण होतात आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. आजचा पाठ ‘बेशाल्लाह’, म्हणजे निर्गम या ग्रंथातला समुद्र दुभंगण्याचा प्रसंग आणि त्यापुढची वाळवंटातली वाटचाल.

समुद्राचा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. मागे मिसरच्या राजाचे, फारोचे रथ, पुढे पाणी आणि मध्ये घाबरलेले इस्राएली लोक. मिसरात कबरींची वाण होती म्हणून आम्हाला इथे मरायला आणलेस का, असे ते आपला नेता मोशे याला सुनावतात. तोरा ही भीती झाकत नाही, हे तिचे मोठेपण. ज्यू परंपरेत पुढे एक कथा सांगितली जाते : यहूदा वंशाचा नहशोन सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरला आणि पाणी गळ्याशी आल्यावरच समुद्र फाटला.

पण या पाठातले अधिक अवघड धैर्य समुद्राकाठी नाही. ते मान्नाच्या गोष्टीत आहे.

वाळवंटात रोज पहाटे जमिनीवर मान्ना नावाचे अन्न पडे. ज्याने त्याने त्या दिवसापुरतेच वेचायचे. उद्यासाठी साठवले तर त्यात किडे पडत. शुक्रवारी मात्र दुप्पट मिळे आणि ते शनिवारपर्यंत टिके, कारण शनिवारी वेचायला जायचे नव्हते. तरी काही जण गेलेच, आणि रिकाम्या हाताने परतले. समुद्रात एकदा उडी घेता येते. पोटाची काळजी असताना दर आठवड्याला हात आवरायचा, तेही चाळीस वर्षे, याला वेगळीच छाती लागते.

ती छाती कोकणाने पाहिली आहे. बेने इस्राएलींच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ मात्र समुद्रात गेले. त्यांचे वंशज आसपासच्या गावांत पसरले आणि पेणकर, किहीमकर, नवगावकर झाले. कित्येकांनी तेलाचा घाणा धरला. गुंडाळी नव्हती, पाठ वाचणारे गुरू नव्हते. ‘शेमा’ ही प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि शनिवारची विश्रांती एवढे उरले होते. आठवड्यातला एक दिवस घाणा थांबे, त्या दिवशीची कमाई बुडे. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. ग्रंथ हाती नसताना त्यातला मान्नाचा नियम ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या पाळत होती. या पाठावर याहून चांगले भाष्य शोधून सापडणार नाही.

पंचांगाचाही एक सुंदर योग आहे. हा पाठ ज्यू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पौर्णिमेच्या आसपास येतो. त्याच सुमारास बेने इस्राएली अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचे स्मरण करायला जमतात. पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा तबकांत मांडला जातो, प्रार्थना होते आणि मग तो सर्वांना वाटतात.

पुढच्या आठवड्यात ‘यित्रो’ : मोशेला त्याच्या सासऱ्याने दिलेला सल्ला आणि सीनाय डोंगरावरच्या दहा आज्ञा.