सातवी पणती

आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाला बोधचिन्ह हवे होते आणि ते ठरविण्याचे काम माझ्याकडे आले. कारण एवढेच की, मी मराठी शिकवतो. संस्थेचे ब्रीदवाक्य, निरोपसमारंभाचे मानपत्र आणि लग्नपत्रिकेचे शुद्धलेखन ही कामे मराठीच्या प्राध्यापकाला जन्मतःच येतात, अशी लोकांची श्रद्धा असते.

संध्याकाळी मंडळी घरी आली. चहा होईपर्यंत माझ्या टेबलावर सहा वाघ आणि दोन सिंह गोळा झाले. एकाने गरुड आणला होता. त्याच्या पायांत अकरा शब्दांचे वाक्य! मी म्हटले, "अरे, हे चिन्ह छातीवर चार बोटांत मावायचे. मैदानाच्या पलीकडून आजोबांनाही ओळखू आले पाहिजे. शिवाय वाघ एकटा शिकार करतो. तुमचा खेळ तर सात जणांचा ना?"

मग गप्पा खेळाकडेच वळल्या. कबड्डी म्हणजे काही नुसती अंगमस्ती नव्हे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. चढाई अवघ्या ३० सेकंदांची. पण तेवढ्यात हिशेब किती! समोर निदान सहा गडी असतील तरच बोनस रेषेचा गुण मिळायचा. उलट तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली, तर त्यांना एक गुण जादा. सगळा संघ बाद झाला की लोण, आणि प्रतिपक्षाला आणखी दोन गुण.

जुन्या खेळाचे तीन प्रकार मी त्यांना सांगितले. 'अमर'मध्ये शिवला गेलेला गडी मैदानातच राही, फक्त गुण मोजला जाई. 'गामिनी'त एकदा बाद झालेला गडी, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. 'संजीवनी'त मात्र समोरचा गडी बाद केला की आपला एक गडी परत आत येई. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ म्हणून पोहोचलेली कबड्डी या संजीवनीच्याच कुळातली. जो आधी बाद झाला, तो आधी परत येतो.

"मग द्रोणागिरीच काढू या!" एकजण म्हणाला.

"नुसता डोंगर पाहून लोक आपल्याला गिर्यारोहक समजतील," दुसऱ्याने ऐकवले.

बोलता बोलता मी कागदावर सात ठसठशीत पणत्या काढल्या. पकडीला गडी उभे राहतात तशा, अर्धवर्तुळात. सहा पेटलेल्या, एक विझलेली. आणि शेजारची ज्योत तिच्याकडे कललेली.

कोण गहजब उडाला! "सर, छातीवर विझलेला दिवा? समोरचे हसतील की!" कप्तान म्हणाला. आतून आमच्या सौभाग्यवतींनीही "अपशकुन" असा निकाल दिला. मी खोडरबर शोधू लागलो.

दाराजवळ एक मुलगा गप्प बसला होता. गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईत तो पकडला गेला आणि संघ एका गुणाने हरला. त्यानंतर तो सरावाला येई, पण चढाईची पाळी आली की दुसऱ्याला पुढे करी.

"सर, ती पणती राहू द्या," तो म्हणाला. "बाहेर बसल्यावर आपण संघात आहोत की नाही, तेच कळत नाही."

कोणीच काही बोलले नाही. थोड्या वेळाने कप्तानाने पेन्सिल उचलली आणि त्या विझलेल्या पणतीची वात जरा लांब काढली. "पेटायला सोपी जाईल," तो म्हणाला.

गडद निळ्या बनियनवर पिवळ्या पणत्या छापून आल्या. पहिल्या सामन्यात पहिली चढाई कप्तानाने त्याच मुलाला दिली. गडी गेला आणि निदान रेषा ओलांडायच्या आतच पकडला गेला! मान खाली घालून तो बाहेर जाऊन बसला. पण पुढच्याच चढाईला आलेला गडी आमच्या पोरांनी साखळी करून दाबला, आणि पंचांनी हात वर करायच्या आधीच सगळे त्याच्याकडे वळून ओरडले, "अरे, ये की आत!"