पगार थांबल्यावर

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव पडला की गावभर चर्चा होते. घरातला पगार बंद पडला तर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. बाबा नेहमीच्याच वेळेला बाहेर पडतात, आई शेजारणीला ‘सगळं ठीक’ म्हणते आणि तुम्ही ‘अभ्यास आहे’ सांगून ट्रिप टाळता.

हे नवं नाही. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांपैकी कित्येकांना तो पगार पुन्हा दिसलाच नाही. १७ एप्रिल २०१९ला जेट एअरवेज थांबली, तेव्हा गळ्यात आयकार्ड मिरवणाऱ्यांचंही तेच झालं. घटस्फोटात तर एका पगारात दोन घरं चालवायची!

पण लपवून फी भरली जात नाही, यार. इंजिनीअरिंग-फार्मसीला असाल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती बघा. तिची उत्पन्न मर्यादा ८ लाख. ‘आपल्याला कुठं मिळणार’ म्हणणारं घर आता त्यात बसू शकतं. तहसीलच्या दाखल्यावर मागच्या वर्षाचं उत्पन्न येतं, ही खरी गोची. म्हणून नोकरी सुटल्याचं पत्र जपा, कॉलेजात हप्ते मागा. आणि आज घरी फोन कराल तेव्हा विचारा, ‘बाबा, शेवटचा पगार कधी झाला?’