पेन्सिल सेलवरचा कॅमेरा

कॅननचा पॉवरशॉट ए-६२० पहिल्यांदा हातात घेणारा माणूस त्याच्या जाडीवर बोलतो. उजवीकडची मूठ इतकी फुगलेली, की शर्टाच्या खिशात तो मावण्याचा प्रश्नच नाही. या मुठीत चार पेन्सिल सेल बसतात. नुसत्या कॅमेऱ्याचं वजन २३५ ग्रॅम, सेल घातले की साडेतीनशेच्या घरात. ऑगस्ट २००५ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा याच कंपनीची इक्सस ही चपटी, धातूची, देखणी मालिका दुकानात त्याच्या शेजारीच मांडलेली असायची. लग्नात मिरवायला इक्सस, आणि ज्याला फोटो काढणं शिकायचंय पण एसएलआर परवडत नाही त्याच्यासाठी ए मालिका, अशी ढोबळ वाटणी होती. प्लॅस्टिकचं अंग, दोन इंचांचा स्क्रीन, ७.१ मेगापिक्सेल. देखणेपणाच्या शर्यतीत तो उतरलाच नव्हता.

मालिका मोठी आहे. २००१ मधल्या ए-१० आणि ए-२० पासून सेलवर चालणारे हे कॅमेरे येत राहिले ते २०१३ च्या ए-१४०० पर्यंत. मधले आकडे लक्षात ठेवणं हा स्वतंत्र छंद आहे. ए-७०, ए-९५, ए-५१०, ए-६२०, ए-५७० आयएस, ए-५९० आयएस: कुठला आकडा वाढला म्हणजे नक्की काय सुधारलं हे विकणाऱ्यालाही सांगता येत नसे. पण ज्यांच्याकडे हे कॅमेरे होते, त्यातले बरेच जण आजही त्यांच्याबद्दल आपुलकीने बोलतात आणि काही तर ते अजून वापरतात. माझ्या मते याचं कारण फोटोंच्या दर्जात फारसं सापडत नाही. कॅमेऱ्याला दोन ठिकाणी बाहेरच्यांसाठी वाट होती. एक कंपनीने मुद्दाम ठेवली होती, दुसरी तिने बाहेरच्यांसाठी ठेवलेली नव्हती.

मुद्दाम ठेवलेली वाट सेलची. स्वतःची खास बॅटरी असलेला कॅमेरा त्या बॅटरीच्या आयुष्याला बांधलेला असतो. ती फुगली, चार्जर हरवला, की नकली बॅटऱ्यांच्या बाजारात शिरायचं. पेन्सिल सेल मात्र किराणा दुकानातही मिळतो. सह्याद्रीत दोन-तीन दिवसांच्या भटकंतीला जाणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको, गडावर प्लग कुठून येणार? अमेरिकेतल्या भाच्याने आणलेला कॅमेरा असला तरी तिथल्या ११० व्होल्टच्या चार्जरची कटकट नाही, कारण चार्जर इथलाच.

पण या सोयीत एक पेच होता आणि नव्या मालकाला तो हमखास भेटायचा. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते साधे, स्वस्त सेल कॅमेऱ्यात घातले की पाच-सहा फोटोंत स्क्रीनवर सेल बदलण्याची सूचना. माणूस म्हणायचा, कॅमेरा बिघडला. बिघाड काही नसायचा. कॅमेरा लेन्स बाहेर काढताना, फ्लॅश भरून घेताना एकदम मोठा प्रवाह मागतो, आणि साध्या झिंक-कार्बन सेलचा अंतर्गत रोध जास्त असल्याने अशा मागणीसरशी त्याचा विद्युतदाब कोसळतो. तोच सेल बाहेर काढून घड्याळात घातला तर सहा महिने चालेल. अल्कलाइन सेल त्याहून बरे, तरी २००७ च्या ए-५७० आयएसचे कंपनीने दिलेले आकडे पाहा: दोन अल्कलाइन सेलवर सुमारे १२० फोटो, दोन रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलवर सुमारे ४००. गंमत म्हणजे रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा आणि अल्कलाइन १.५ चा. कमी व्होल्टवाला सेल जास्त टिकतो हे पटायला वेळ लागे. अल्कलाइनचा दाब वापराबरोबर उतरत जातो, रिचार्जेबलचा बराच काळ आपल्या जागी ठाम राहतो, हे त्यामागचं गणित. जुन्या रिचार्जेबल सेलची एक खोड होती. चार्ज करून कपाटात ठेवले तर महिन्या-दोन महिन्यांत बरेचसे आपोआप रिकामे. नोव्हेंबर २००५ मध्ये सॅन्योने एनेलूप हे सेल आणले. वर्षभर पडून राहिले तरी बहुतेक चार्ज टिकवणारे हे सेल या कॅमेऱ्यांच्या मालकांना नवा कॅमेरा घेतल्याइतके उपयोगी पडले.

कॅमेरा म्हणून तो कसा होता? ए-६२० च्या डोक्यावर गोल चकती आणि तिच्यावर शटरचा वेग, छिद्राचा आकार, दोन्ही स्वतः ठरवायचा ‘एम’, अशा जागा. रोलच्या काळात चूक झाली की पैसे जात. इथे पंधरा सेकंद शटर उघडा ठेवून चुकलं तरी खर्च शून्य, आणि चूक लगेच डोळ्यांसमोर. कितीतरी जणांनी छायाचित्रणाची बाराखडी या चकतीवर गिरवली. स्क्रीन बाहेर उघडून हवा तसा फिरवता येई, त्यामुळे विसर्जनाच्या गर्दीत हात उंच करून वरून फोटो घेता येत. काम झालं की स्क्रीन उलटा मिटून ठेवायचा, ओरखडे टळत. फुलं-किडे टिपणाऱ्यांना आणखी एक देणगी होती: लेन्स एक सेंटिमीटरपर्यंत जवळ नेता येई. सेन्सर लहान असल्याने फुलाच्या पाकळीपासून परागांपर्यंत बरंचसं एकाच वेळी स्पष्ट दिसे, जे मोठ्या कॅमेऱ्यात सहज जमत नाही.

अडचणीही त्या लहान सेन्सरच्याच. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ५० ते ४००, बस्स. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत ४०० वर काढलेला फोटो रवाळ. डोळ्याला लावून पाहायची खिडकी होती, पण ती प्रत्यक्ष चौकटीच्या अंदाजे ८० टक्केच दाखवायची. रुंद कोनात लेन्सचं नळकांडं कोपऱ्यात डोकावायचं, आणि बाजूला उभा असलेला जो नातेवाईक आपण वगळला असं वाटे, तो फोटोत हजर. दोन सेलवाल्या धाकट्या मॉडेलांत फ्लॅश पुन्हा भरायला इतके सेकंद लागत, की वधूवरांचं हसू तोवर मावळलेलं असे.

दुखणी दोन प्रसिद्ध होती. एकाचं नाव ‘ई-१८’. लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकते, स्क्रीनवर हा आकडा, कॅमेरा बंद. चौपाटीवरच्या वाळूचा एक कण यासाठी पुरतो. दुसरं दुखणं जास्त गंभीर. २००५ च्या शरदात सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरमध्ये दोष असल्याचं उघड झालं. दमट आणि उष्ण हवेत सेन्सरमधली सूक्ष्म तारांची जोडणी सुटायची आणि चित्र जांभळं, रेघाळ किंवा पूर्ण काळं दिसायचं. हे सेन्सर कॅननसकट कित्येक कंपन्या वापरत होत्या. कॅननच्या यादीत ए-६०, ए-७० आणि ए-७५ होते, आणि कंपन्यांनी हमीची मुदत उलटून गेलेले कॅमेरेही विनामूल्य दुरुस्त करून द्यायचं ठरवलं. ‘दमट आणि उष्ण’ ही अट मुंबई आणि कोकणातल्या माणसाने वाचली म्हणजे तो काय म्हणणार? बारा महिन्यांतले आठ महिने आपण त्याच अटीत राहतो.

आता दुसरी वाट. ती मेमरी कार्डाच्या खाचेत होती.

२००६-०७ च्या सुमारास काही हौशी प्रोग्रामरांनी कॅननच्या छोट्या कॅमेऱ्यांमधलं सॉफ्टवेअर उलगडायला घेतलं. त्यांच्या कामाचं नाव सीएचडीके. आतलं सॉफ्टवेअर बाहेर कसं काढायचं ही पहिली अडचण. त्यावर निघालेल्या तोडग्यांपैकी एक मला या सगळ्या कहाणीत सर्वांत आवडतो. कॅमेऱ्यावरचा एक चिमुकला दिवा एका लहानशा प्रोग्रामने भराभर मिचकावायचा, त्याच्यासमोर प्रकाश ओळखणारा सुटा भाग धरायचा, त्याची तार कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात खुपसायची आणि येणारा आवाज रेकॉर्ड करायचा. त्या आवाजातून एकेक बिट सोडवत पूर्ण सॉफ्टवेअर हाती लागतं.

वापरणाऱ्याला यातलं काही करावं लागत नसे. कार्डावर ठरावीक फाइल ठेवायची, कार्ड ‘बूट’ होणारं करायचं आणि कार्डाच्या कडेचा लॉकचा खटका सरकवायचा. कॅमेरा सुरू होताना लॉक केलेलं कार्ड आणि त्यावरची खूण पाहतो आणि ती फाइल चालवतो. कार्ड लॉक असूनही त्यावर फोटो साठतात, कारण नव्या प्रोग्रामने ती अडवणूक बाजूला सारलेली असते. खटका परत सरकवला की कॅमेरा पहिल्यासारखा. आत कायमचं काहीच बदलत नाही, म्हणून भित्र्या मालकांनीही ते करून पाहिलं.

मिळायचं काय? कंपनीने या मालिकेत न दिलेली, प्रक्रिया न झालेली रॉ फाइल, सेलचा नेमका दाब, प्रकाशाचा जिवंत आलेख, मिनिटभराहून लांब एक्स्पोजर, आणि मुख्य म्हणजे स्क्रिप्ट. दर दहा सेकंदांनी फोटो काढ, चौकटीत हालचाल झाली की फोटो काढ, अशा आज्ञा साध्या बेसिकसारख्या भाषेत लिहायच्या. हालचाल ओळखणारी स्क्रिप्ट इतकी चपळ, की लोकांनी तिने विजा टिपल्या. यूएसबीच्या भोकात सेलचा दाब देणारं बटण जोडून दूरवरून शटर दाबायची सोयही झाली, आणि पतंगाला कॅमेरा बांधून वरून फोटो काढणाऱ्यांची चैन झाली.

यातून फार मोठी कामं उभी राहिली. २ सप्टेंबर २००९ रोजी एमआयटीच्या जस्टिन ली आणि ऑलिव्हर येह या विद्यार्थ्यांनी थर्माकोलच्या डब्यात कॅनन ए-४७० ठेवून हवामानाच्या फुग्याला बांधला. सीएचडीके ठरावीक अंतराने फोटो काढत होतं, थंडीत कॅमेरा गोठू नये म्हणून हात शेकायच्या पुड्या डब्यात होत्या, ठावठिकाणा कळवायला एक मोबाइल. खर्च १५० डॉलरच्या आत. फुगा सुमारे ९३,००० फुटांवर गेला आणि काळ्या आकाशाखाली वळलेली पृथ्वी घेऊन कॅमेरा खाली आला. त्याच वर्षी डॅनियल रीट्झ याने टाकाऊ सामान आणि दोन स्वस्त ए-५९० घेऊन पुस्तकं स्कॅन करायचं यंत्र बांधलं आणि त्याची कृती सगळ्यांना खुली केली. समोरासमोरची दोन पानं एकाच वेळी टिपणारं ते यंत्र पाहून जगभरात लोकांनी आपापली यंत्रं बांधली. या कामांसाठी उत्तम कॅमेरा कुणालाच नको होता. हरवला तर रडू येणार नाही इतका स्वस्त आणि सांगितलेलं ऐकेल इतका गुणी, एवढंच हवं होतं.

२०१० मध्ये प्रमुख कंपन्यांनी दहा कोटींहून अधिक छोटे डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना केले. २०२३ मध्ये तो आकडा १७ लाखांच्या आसपास होता. फोनने हा धंदा गिळला, यात नवं काही नाही. नवं आहे ते त्यानंतरचं: विशीतली मुलं हे कॅमेरे पुन्हा शोधू लागली आहेत आणि ‘सीसीडीचा रंग’ या नावाखाली भाव चढले आहेत. माझं मत विचाराल तर या रंगात सीसीडीपेक्षा कॅमेऱ्याच्या आतल्या प्रक्रियेचा आणि समोरून मारलेल्या फ्लॅशचा हात मोठा आहे. पण ज्याला तो रंग आवडतो त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

असा जुना कॅमेरा घ्यायचाच असेल तर आधी सेलचं झाकण उघडून पाहा. वर्षानुवर्षं आत विसरलेले अल्कलाइन सेल गळून पट्ट्यांवर पांढरट-हिरवी पूड जमलेली असते. थोडी असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने ओलसर केलेल्या बोळ्याने निघते, पट्टी खाल्ली गेली असेल तर नाद सोडा. झाकणाचा प्लॅस्टिकचा दात तुटलेला असतो, आणि विकणारा चिकटपट्टी लावून ‘किरकोळ’ म्हणतो. तेवढं खरंच किरकोळ आहे. दर वेळी तारीख विचारत असेल तर आतला बटणासारखा सेल संपलाय, तोही किरकोळ. लेन्स पाच-सात वेळा आतबाहेर करून पाहा, आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. राहिलं कार्ड. ए-६२० ला एसडीएचसी कळत नाही, त्याला साधं एसडी लागतं, म्हणजे २ जीबीपर्यंतचं, आणि असं कार्ड आता दुकानात सहज मिळत नाही. घरात बटणवाला जुना फोन असेल तर त्यातलं २ जीबीचं मायक्रो कार्ड काढून अडॅप्टरमध्ये घाला. अडॅप्टरला लॉकचा खटका असतोच, म्हणजे सीएचडीकेचीही सोय झाली.