पातळ दंडगोलाचे बकलिंग आणि सान्त घटक विश्लेषण

पातळ पत्र्याची नळी उभी ठेवून तिच्यावर वरून भार वाढवत नेला, तर एका मर्यादेला तिची भिंत एकाएकी आत-बाहेर दुमडते. या घटनेस बकलिंग असे म्हणतात. धान्याच्या पोलादी कोठ्या, पवनचक्क्यांचे मनोरे आणि अग्निबाणांच्या इंधन टाक्या यांच्या अभिकल्पात ही मर्यादा महत्त्वाची असते. आज ती बहुधा सान्त घटक पद्धतीने, म्हणजे रचनेचे लहान तुकड्यांच्या जाळीत विभाजन करून, संगणकावर काढली जाते.

सिद्धांत आणि प्रयोग

लॉरेंझ (१९०८) व तिमोशेंको (१९१०) यांच्या सिद्धांतानुसार, प्वासाँ गुणोत्तर ०.३ असलेल्या निर्दोष दंडगोलाचे बकलिंग प्रतिबल हे यंगचा गुणांक, जाडी व त्रिज्येचे गुणोत्तर आणि ०.६०५ यांच्या गुणाकाराइतके असते. १ मीटर त्रिज्येच्या व २ मिमी जाडीच्या पोलादी दंडगोलासाठी हे मूल्य सुमारे २४२ मेगापास्कल येते. प्रत्यक्ष चाचण्यांत मात्र अशा नळ्या याच्या निम्म्याहूनही कमी भाराला कोसळल्या. नासाच्या एसपी-८००७ या मार्गदर्शिकेतील घट गुणक याच दंडगोलासाठी सुमारे ०.३२ आहे, म्हणजे विसंबण्याजोगे प्रतिबल ७८ मेगापास्कलच उरते.

या तफावतीचा उलगडा डच अभियंता वॉर्नर कॉइटर यांनी १९४५ च्या प्रबंधात केला. पत्र्याच्या जाडीहूनही कमी खोलीचा पोचा दंडगोलाची भारक्षमता मोठ्या प्रमाणात घटवतो. प्रबंध डच भाषेत असल्यामुळे त्याचे महत्त्व इतरत्र उशिरा ओळखले गेले.

संगणकीय विश्लेषण

रेषीय आयगेन मूल्य विश्लेषणात निर्दोष आकार गृहीत धरलेला असल्यामुळे त्याचे उत्तर पुन्हा २४२ मेगापास्कलच्या आसपासच येते. जाळी कितीही बारीक केली तरी ही चूक सुधारत नाही, कारण ती गणिताची नसून गृहीतकाची आहे. तेच उत्तर अंतिम मानल्यास रचना तिपटीने असुरक्षित ठरू शकते. त्यामुळे प्रतिमानात मोजलेल्या किंवा अंदाजित त्रुटी घालून अरेषीय विश्लेषण करावे लागते. शिखरानंतर भार झपाट्याने खाली येत असल्याने केवळ भार वाढवत जाणारी रीत तेथे अडखळते. म्हणून भार व विस्थापन यांचा एकत्रित माग घेणारी रिक्स यांची चाप-लांबी पद्धत वापरतात.

जाळीलाही किमान मर्यादा आहे. वरील दंडगोलात कंकणाकृती सुरकुतीची अर्धतरंगलांबी सुमारे ७७ मिमी असते. ती नीट टिपण्यास १० मिमी बाजूचे घटक घेतले, तर २ मीटर उंचीसाठी सुमारे सव्वा लाख कवच घटक लागतात.

एसपी-८००७ चे गुणक जुन्या प्रयोगांवर बेतलेले असल्याने आधुनिक अग्निबाणांत त्यांमुळे अनावश्यक वजन वाढते, असे नासाचे मत झाले. या गुणकांच्या फेरतपासणीसाठी २०११ मध्ये ८.४ मीटर व्यासाचा ॲल्युमिनियम-लिथियम मिश्रधातूचा दंडगोल मुद्दाम दाबून मोडण्यात आला.