गंज उलटा फिरवता येतो का?

मैसूरच्या कारखान्यात १९६१ सालापासून ‘जावा’ आणि पुढे १९७३ पासून ‘येझदी’ या नावाने मोटारसायकली तयार होत असत. १९९६ साली तो कारखाना बंद पडला, पण त्या गाड्या काही संपल्या नाहीत. तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरी, परसातल्या पत्र्याखाली, ताडपत्री पांघरून अशी एखादी गाडी उभी असेल. ताडपत्री बाजूला सारून तिच्याकडे नीट पहा. हँडलच्या चकाकीवर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके दिसतील. मडगार्डाच्या कडेला रंगाखाली फुगवटे आलेले असतील. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या आवरणावर पांढरी भुकटी असेल. गाडी कोकणात किंवा गोव्यात उभी असेल, तर हे सारे जरा जास्तच दिसेल. असे का, ते पुढे कळेल.

ही गाडी पुन्हा उजळायची म्हटले की बहुतेकजण आधी पॉलिश पेपर हाती घेतात. तो जरा खाली ठेवा. गंज म्हणजे काय हे आधी पाहू या.

केंब्रिजच्या यू. आर. एव्हन्स या शास्त्रज्ञाचा एक प्रयोग तुमच्या शाळेत सहज करता येईल. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. त्या पाण्यात फिनॉल्फथॅलीन आणि पोटॅशियम फेरीसायनाइड किंचित मिसळलेले असावे. थोड्या वेळाने थेंबाचा मध्यभाग निळा होतो आणि कडेला गुलाबी वर्तुळ उमटते. निळा रंग सांगतो की मध्यभागी लोखंड विरघळत आहे. गुलाबी रंग सांगतो की कडेला, जिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, तिथे अल्क तयार होत आहे. मधल्या भागातून सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे जातात. म्हणजे तो इवलासा थेंब हा एक विद्युत् घटच झाला! मिठामुळे पाण्यातून वीज अधिक सुलभपणे वाहते, म्हणून समुद्रकाठी गंजाचे फावते. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा सुमारे तिप्पट जागा व्यापतो, म्हणून मडगार्डावरचा रंग फुगून सुटतो.

आता हँडलवरचे ते ठिपके घ्या. चकाकी क्रोमियमची खरी, पण क्रोमियमचा तो थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याखाली निकेलचा बराच जाड थर असतो आणि त्याखाली पोलाद. मुलाम्याला सूक्ष्म छिद्र पडून पाणी पोलादापर्यंत गेले की घट सुरू होतो. निकेलपेक्षा लोखंड अधिक क्रियाशील, म्हणून विरघळायचे ते लोखंडाने. त्यात छिद्र एवढेसे आणि भोवतीचा मुलामा भला मोठा, त्यामुळे सगळा मारा त्या एका बिंदूवर होतो आणि ठिपका खोल उतरत जातो. घरातला कल्हईच्या पत्र्याचा तेलाचा डबा ओरखड्यावर गंजतो तो याच कारणाने. उलट जस्ती बादलीला ओरखडा पडला तरी लोखंड सहसा गंजत नाही, कारण तिथे जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते.

म्हणून हँडलवर खरखरीत कागद घासणे हा शुद्ध आततायीपणा आहे. उरलेला पातळ थर त्याने खरवडला जातो आणि नव्या छिद्रांची सोय होते. चॉकलेटच्या वेष्टनातली ॲल्युमिनियमची चांदी चुरगाळून, पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमियमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत आणि गंज निघतो. मग कोरडे करून मेण लावावे. छिद्र मात्र बुजत नाही.

मुलामा नसलेल्या पोलादी भागांसाठी, म्हणजे पट्ट्या, कड्या, स्टँड यांच्यासाठी, वेगळा उपाय आहे. आम्लात बुडवले तर गंज जातो, पण वेळेवर बाहेर काढले नाही तर आम्ल लोखंडही खाते. विजेचे तसे नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी करा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडा आणि साध्या लोखंडाचा रद्दी पत्रा धन टोकाला. दोन्ही पाण्यात बुडवा, पण एकमेकांना टेकू देऊ नका. गंजताना लोखंडाने इलेक्ट्रॉन गमावले होते, आता आपण ते बाहेरून पुरवतो. काही गंजाचे क्षपण होऊन काळा चुंबकीय ऑक्साइड बनतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे बाकीचा थर सैल करतात. काही तासांनी भाग काळा पडून निघतो. ब्रशने धुवावा, लगेच वाळवावा आणि त्याच दिवशी प्रायमर किंवा तेल लावावे. पावसाळ्यात एक रात्र तसाच राहिला तर सकाळी पुन्हा तांबूस दिसेल.

हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि उघड्यावरच करावा. दोन अँपियरचा प्रवाह तासभर चालला तर ७२०० कूलॉम होतात आणि त्यातून सुमारे ०.९ लीटर हायड्रोजन निघू शकतो. ठिणगी पडली तर तो पेटतो, म्हणून आधी चार्जर बंद करावा, मगच तारा सोडाव्या. सोड्याऐवजी मीठ घालू नये, क्लोरीन सुटतो. धनाग्राला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात येऊ शकतात. ॲल्युमिनियमचे भाग त्या पाण्यात घालूच नयेत, अल्कात ते विरघळतात. कणखर पोलादाच्या स्प्रिंगाही घालू नयेत. हायड्रोजन पोलादात शिरतो आणि स्प्रिंग ठिसूळ होऊन पुढे केव्हातरी अचानक तुटते. पेट्रोलची टाकी जाणत्या मिस्त्रीकडे द्यावी. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीहून धोकादायक असते.

मग गंज उलटा फिरला का? प्रयोगशाळेतल्या तराजूवर तो भाग आधी आणि नंतर तोलून पहा. समजा वजन १० ग्रॅम घटले. सुटलेला सगळा गंज सजल फेरिक ऑक्साइड धरला, तर त्यात सुमारे ६.३ ग्रॅम लोखंड होते. ते परत येऊन जागेवर बसलेले नाही. इलेक्ट्रॉन परत दिले, पण धातूची घडण परत मिळाली नाही. जिथे खड्डा होता तिथे तो आता स्वच्छ दिसतो, एवढेच.

मडगार्डाच्या बाबतीत यावाचून फारसे बिघडत नाही. ब्रेकच्या दांड्याचे तसे नाही. तो काळाभोर, नवा कोरा दिसत असला तरी व्हर्नियर कॅलिपरने त्याचा व्यास दोनचार ठिकाणी मोजा. मूळ व्यास ६ मिलिमीटर आणि एका ठिकाणी ५ उरला असेल, तर छेदाचे क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी कमी झाले. शिवाय ताण नेमका खड्ड्याच्या तळाशी एकवटतो. असा दांडा, असे स्पोक रंगवून परत बसवू नयेत. नवे आणावेत, आणि जुना दांडा शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवून द्यावा.