ई-मेलच्या पत्त्याचे व्याकरण व पत्ते वेचणारी यंत्रे

विद्यापीठे व शासकीय कार्यालये यांच्या संकेतस्थळांवर ई-मेलचे पत्ते देताना एक विलक्षण लेखनपद्धती रूढ झालेली दिसते. पत्त्याच्या मध्यभागी येणारे @ हे चिन्ह गाळून त्याच्या जागी चौकटी कंसात ‘ॲट’ हा इंग्रजी शब्द आणि टिंबाच्या जागी ‘डॉट’ हा शब्द लिहिण्यात येतो. केंद्र शासनाच्या अनेक खात्यांच्या पानांवर ही पद्धती इतकी सरसकट आढळते की, पत्त्याचे मूळ रूप तेच असावे असा नवख्या वाचकाचा समज व्हावा. हा फेरफार उच्चाराच्या सोयीसाठी झालेला नाही, की लिपीच्या अडचणीमुळेही नाही. वाचणाऱ्यांपैकी एका वर्गाला मजकूर कळावा आणि दुसऱ्याला कळू नये, एवढ्याच हेतूने तो करण्यात आला आहे. हा दुसरा वर्ग मनुष्यांचा नव्हे. मनुष्याच्या व यंत्राच्या वाचनात नेमका भेद कोणता आणि तो कितपत टिकाऊ आहे, हा प्रश्न वस्तुतः भाषाविषयक आहे. आणि त्यामुळेच केवळ संगणकशास्त्रज्ञांवर तो सोपवून मोकळे होता येत नाही.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये आर्पानेट या जाळ्यावरून एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे पत्र पाठविले, त्या वेळी व्यक्तीचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये विभाजक म्हणून त्यांनी @ हे चिन्ह योजिले. व्यक्तिनामात येण्याचा संभव नाही, हाच त्याचा मोठा गुण. गंमत अशी की, ज्या निःसंदिग्धतेसाठी हे चिन्ह निवडले गेले, तीच पुढे पत्त्याच्या मुळावर आली. न मागितलेल्या जाहिरातपत्रांचा पहिला प्रसिद्ध दाखला १९७८ चा आहे; डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आर्पानेटवरील सुमारे चारशे जणांना एकाच वेळी विक्रीचे पत्र धाडले. ते पत्ते मात्र छापील निर्देशिकेतून हाताने उतरवून घ्यावे लागले होते. पत्ते उतरविण्याचे हे कष्टाचे काम यंत्राकडे गेले, तेव्हा आजच्या प्रश्नाचा खरा आरंभ झाला.

पत्ते वेचणाऱ्या या कार्यक्रमाची, म्हणजे बॉटची, रीत अगदी साधी असते. तो एखादे पान मागवितो, त्याचा मूळ संकेतमजकूर चाळतो, त्यात सापडलेले दुवे पुढील फेरीसाठी टिपून ठेवतो आणि पत्त्यासारखे दिसेल ते उचलतो. कोणत्या पानांवर यंत्रांनी जाऊ नये हे सांगणारी ‘रोबोट्स’ नावाची सूचनापत्रिका संकेतस्थळावर ठेवण्याचा प्रघात १९९४ पासून आहे. परंतु ती पाळणे न पाळणे हे सर्वस्वी बॉटच्या सौजन्यावर अवलंबून असते, आणि ज्याच्यासाठी ती पत्रिका खरी हवी त्याच्याजवळ नेमके सौजन्यच नसते.

‘पत्त्यासारखे दिसेल ते’ याचा अर्थ काय? बॉटला पुढील नियम पुरतो: अक्षरे, अंक, टिंबे यांची एक सलग मालिका, तिच्यामागून @, त्यामागून अक्षरांची दुसरी मालिका, मग टिंब, आणि शेवटी निदान दोन अक्षरे. स्टीफन क्लीनी यांनी १९५६ च्या आपल्या निबंधात ज्या ‘नियमित’ समुच्चयांचे विवेचन केले, त्यांतलाच हा एक होय. केन टॉमसन यांनी १९६८ मध्ये असे आकृतिबंध मजकुरात शोधण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यापासून पुढील शोधसाधने निघाली. चॉम्स्की यांनी इंग्रजीच्या वर्णनाला सांत-अवस्था व्याकरण अपुरे पडते असे दाखविले तेही १९५६ मध्येच. नैसर्गिक भाषेसाठी ज्या व्याकरणाला त्यांनी निरोप दिला, तेच पत्ते वेचण्यास मात्र पुरेपूर समर्थ ठरले.

येथे एक बारकावा नोंदविण्याजोगा आहे. ई-मेलच्या शीर्षभागाचे जे अधिकृत व्याकरण १९८२ च्या व पुढे २००८ च्या मानकात दिले आहे, त्याप्रमाणे पत्त्यात कंसांतून टिपा घालता येतात व त्या कंसांत आणखी कंस येऊ शकतात. आत आत जाणारी ही कंसरचना सांत-अवस्था व्याकरणाच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणजे शास्त्रार्थाने पाहता बॉटचे व्याकरण अपुरेच आहे. पण व्यवहारात कोणीही असे पत्ते लिहीत नाही, आणि बॉटला सर्व पत्ते हवे असतात असेही नाही. एखाद्या बोलीचे वर्णन करणाऱ्यास एकही रूप सुटून चालत नाही. बॉटला निम्मी रूपे सुटली तरी चालतात, आणि भलतेच काही उचलले गेले तरी फार तर एक पत्र परत येते. वेषांतराचे यश आणि अपयश दोन्ही समजण्यासाठी बॉटची ही बेफिकिरी ध्यानात ठेवली पाहिजे.

अमेरिकेतील सेंटर फॉर डेमोक्रसी अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने नवे पत्ते निर्माण करून ते निरनिराळ्या ठिकाणी मुद्दाम प्रकट केले व सहा महिने त्यांवर लक्ष ठेवून मार्च २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्पॅमचा बहुतांश ओघ सार्वजनिक संकेतस्थळांवर उघडपणे लिहिलेल्या पत्त्यांकडे वळला होता; ‘ॲट’, ‘डॉट’ अशा शब्दांत लिहिलेले, तसेच चिन्हाऐवजी त्याचा ६४ हा अनुक्रमांक संकेतरूपाने घालून लिहिलेले पत्ते मात्र सुटले. एवढ्या पातळ पडद्याने एवढे रक्षण व्हावे याचे कारण पडद्याच्या जाडीत नव्हते. उघडे पत्ते विपुल होते. झाकलेले उलगडण्याची तसदी घेण्याचे बॉटच्या मालकाला प्रयोजनच नव्हते. आपल्याकडील कार्यालयांनी ही पद्धती उचलली ती अशा अनुभवाच्या बळावर. परंतु जी युक्ती सार्वत्रिक होते ती युक्ती राहत नाही. चौकटी कंसातील ‘ॲट’ ओळखण्यासाठी आकृतिबंधात एका पर्यायाची भर घातली की काम भागते. आणि हजारो पानांवर तोच कंस, तोच शब्द असल्यामुळे ही भर घालणे आता फायद्याचे ठरते.

@ या चिन्हाच्या नावांत भाषाभाषांनी जे वैचित्र्य दाखविले आहे ते या संदर्भात मोठे उद्बोधक आहे. डच भाषेत ते माकडाचे शेपूट, इटालियनमध्ये गोगलगाय, रशियनमध्ये कुत्रा, डॅनिशमध्ये सोंडेचा ‘अ’ म्हणून ओळखले जाते. मराठीने असे एखादे चित्रमय नाव घडविले नाही. आपण ‘ॲट द रेट’ म्हणतो. वस्तूचा दर नोंदताना ‘इतक्या दराने’ या अर्थी व्यापारी वह्यांत हे चिन्ह येत असे, त्याचाच तो अवशेष. पत्ता फोनवर सांगताना भारतीय मनुष्य हा शब्दसमूह हमखास उच्चारतो व ऐकणारा तो बिनचूक चिन्हात उतरवितो. एखाद्याने पत्त्यात ‘गोगलगाय’ असे लिहिले तर इटालियन वाचक हसून समजेल; मराठी वाचक बुचकळ्यात पडेल. वेषांतर म्हणजे लेखक व वाचक यांच्यातील सामाईक संकेतावर केलेला भरवसा होय. संकेत जितका स्थानिक तितका बॉटला दुर्बोध. पण परस्थ वाचकालाही तो तितकाच दुर्बोध. संशोधकाला पत्र लिहिणारा बहुधा परस्थच असतो, ही यातील मेख आहे.

पत्ता चित्ररूपाने देण्याची पद्धती अनेक ठिकाणी दिसते. ती सोडून द्यावी, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. दृष्टिहीन विद्यार्थी जो पडदावाचक कार्यक्रम वापरतो, त्याला चित्रातील अक्षरे सामान्यतः मिळत नाहीत. आणि चित्राला पर्यायी मजकूर म्हणून खरा पत्ता जोडला, तर तो बॉटलाही मिळतो. अक्षरे संकेतमजकुरात उलट क्रमाने लिहून पडद्यावर सुलट दाखविण्याची एक चतुर रीत आहे. तिचाही दोष हाच, कारण पडदावाचक मूळ क्रमाने वाचतो आणि नक्कल केल्यास पत्ता उलटाच हाती येतो. ज्याला दिसत नाही त्याला यंत्राच्या पंक्तीत बसविणे हे रक्षणाचे मोल म्हणून फार जड आहे.

त्याहून बरी रीत म्हणजे पत्त्याचे तुकडे संकेतरूपात ठेवून ते वाचणाऱ्याच्या न्याहाळकात जुळविणे. न्याहाळकाने पान पूर्णपणे रचले की पडदावाचकालाही अखंड पत्ता मिळतो. मजकूर नुसता चाळणारे बॉट येथे अडतात. तथापि क्लाउडफ्लेअरसारख्या सेवा जेव्हा असंख्य संकेतस्थळांवर एकच सांकेतिक रूप वापरतात, तेव्हा ते उलगडण्याची कृती एकदा लिहिली की सगळीकडे चालते. त्या रूपात किल्ली तर सांकेतिक मजकुराच्या अग्रभागीच ठेवलेली असते. शिवाय पडद्याविना चालणारे न्याहाळक बॉटलाही उपलब्ध झाले आहेत. २०१७ पासून क्रोममध्येच तशी सोय आहे. ते पान रचून मगच वाचतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगण्याजोगी आहे. ऑस्ट्रेलियाने २००३ च्या कायद्याने पत्ते वेचणारी साधने पुरविणे व अवैध पत्रांसाठी वापरणे निषिद्ध ठरविले. अमेरिकेच्या त्याच वर्षीच्या कायद्यात असे वेचणे हे मूळ गुन्ह्याला अधिक गंभीर करणारे कृत्य मानले आहे. भारताचा २०२३ चा अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम मात्र, व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या, किंवा कायद्याने बंधनकारक म्हणून सार्वजनिक झालेल्या माहितीला लागू होत नाही. उलट २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील चौथ्या कलमान्वये सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी व कर्मचारी यांची निर्देशिका प्रसिद्ध करावयाची असते. तेव्हा सार्वजनिक विद्यापीठाला सर्वच झाकून ठेवण्याची मुभा नाही, आणि प्रकट केलेल्याला या अधिनियमाचे कवचही नाही.

हानी केवळ कचरापत्रांची असती तर हा विषय इतका मनावर घेण्याचे कारण नव्हते. शोधनिबंधावर पत्रव्यवहारासाठी दिलेला पत्ता वेचला जातो व शुल्क उकळणाऱ्या बनावट नियतकालिकांची आमंत्रणे नवख्या संशोधकाकडे सुरू होतात. पहिला निबंध प्रसिद्ध करण्याची ज्याला घाई आहे तो त्यांत सापडतो. विभागाच्या पानावर प्रमुखाचे नाव, हुद्दा व सहकाऱ्यांचे पत्ते एकत्र असतात. त्यावरून प्रमुखाच्या नावाने ‘आपण मोकळे आहात काय? एक तातडीचे काम आहे’ अशा आशयाचे दोन ओळींचे पत्र येते, आणि उत्तर देणाऱ्याकडून पैसे मागितले जातात. अशा पत्रासाठी नुसता पत्ता पुरत नाही. कोण कोणाच्या हाताखाली आहे हेही कळावे लागते. ते विभागाचे पानच सांगते.

भाषिक प्रतिमानांच्या आगमनाने वेषांतराचा पायाच हलला आहे. ‘नावाआधी आडनाव, मध्ये टिंब, पुढे विद्यापीठाचे नेहमीचे क्षेत्रनाम’ असे वाक्य लिहिले, तर कालपर्यंत ते फक्त मनुष्याला उलगडत असे. आज ते यंत्रालाही उलगडते. अडसर उरला आहे तो खर्चाचा, आणि तो घटता आहे. म्हणून संरक्षणाचा भार पत्त्याच्या लेखनावरून अन्यत्र हलविणे प्राप्त आहे. विभागाच्या पानावर व्यक्तीऐवजी कार्याचा पत्ता द्यावा: प्रवेशासाठी एक, ग्रंथालयासाठी एक, पत्रिकेसाठी एक. पत्ता वेचला गेलाच तर तो बदलता येतो. अध्यापकाचा वीस वर्षांचा पत्ता बदलणे सोपे नसते. ज्या सेवांत वापरनावापुढे अधिकचे चिन्ह व एखादा शब्द जोडता येतो, तेथे प्रत्येक निबंधासाठी वेगळे रूप देऊन गळती कोठून झाली हेही ओळखता येते. संपर्काचा नमुना भरून घेणे हा आणखी एक मार्ग. परंतु त्यात पत्र लिहिणाऱ्याजवळ प्रत राहत नाही, आणि विद्वानांच्या पत्रव्यवहारात प्रत राहणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. बाकीचे काम गाळणीचे. शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखण्याची पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये लोकप्रिय केलेली रीत, आणि प्रेषकाच्या क्षेत्रनामाची खातरजमा करणारी आजची मानके, यांचे स्थान पत्त्याच्या वेषांतराच्या वर आहे. विद्यापीठाच्या संगणक केंद्राने आपल्या क्षेत्रनामासाठी ही मानके लागू केली आहेत किंवा नाहीत, ही विचारणा विभागाने अवश्य करावी. प्रमुखाच्या पत्त्याची हुबेहूब नक्कल करून आलेली पत्रे त्यांमुळे अडविता येतात. केवळ नाव प्रमुखाचे व पत्ता परका, अशा पत्रांना मात्र ती आळा घालू शकत नाहीत.

एक शेष प्रश्न देवनागरी पत्त्यांचा. ‘डॉट भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम २०१४ पासून खुले झाले, आणि रोमनेतर लिपींत पत्ता लिहिण्याची मानके २०१२ मध्येच सिद्ध झाली. ज्या आकृतिबंधात ‘अक्षर’ म्हणजे रोमन वर्णमालेतील सव्वीस वर्ण असे गृहीत धरलेले आहे, त्याला असा पत्ता दिसतच नाही. हे रक्षण आपोआप लाभलेले आहे, आणि त्याचे कारण फारसे सुखद नाही: पत्ता तपासणारे कितीतरी प्रामाणिक नमुनेही तोच आकृतिबंध वापरतात व देवनागरी पत्ता चुकीचा म्हणून परत करतात.