खड्डा बुजवण्याची अनामत

जमिनीतून कोळसा काढायला किती खर्च येतो, हे खाणवाला पै-पैशासह सांगतो. कोळसा संपल्यावर मागे राहिलेला खड्डा बुजवायला किती येईल, हे त्याला विचारावे लागते. आणि कायद्याचा धाक नसेल तर उत्तर द्यायला तो जागेवर सापडतही नाही. अमेरिकेने हा अनुभव पुरेपूर घेतला. फेब्रुवारी १९७२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक येथे कोळसा खाणीच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसे दगावली. तरीही खुल्या खाणींना वेसण घालणारे विधेयक अध्यक्ष फोर्ड यांनी १९७४ आणि १९७५ असे दोनदा नाकारले. अखेर ३ ऑगस्ट १९७७ रोजी जिमी कार्टर यांनी सही केली. त्या कायद्यातली एक अट अशी, की जमीन पूर्ववत करण्याच्या खर्चाची हमी आधी, मगच परवाना.

तिकडे या हमीला बाँड म्हणतात. आपल्याकडे जामीन आणि अनामत हे दोन जुने शब्द आहेत. दोन्हींचे मूळ अरबी. पण कोर्टकचेरीत किंवा घरभाड्याच्या करारात ते आता कुणाला परके वाटत नाहीत. माझ्यासारख्या कवितेतल्या माणसाला या आकडेमोडीत शिरायला एवढे दार पुरे झाले.

अनामत किती, हे ठरवायचे कसे? पहिला नियम मला फार आवडला. हिशेब करणाऱ्याने असे धरायचे, की कंपनी बुडाली आहे. काम सरकारला करायचे आहे आणि तेही बाहेरचा ठेकेदार लावून, बाजारभावाने. कंपनी म्हणणार, "आमची यंत्रे आमच्याकडेच आहेत, आम्हाला स्वस्तात पडते." पडत असेल, पण बुडालेल्या कंपनीचा डोझर जप्तीत गेलेला असतो! आणि ती बुडाली केव्हा असे धरायचे? सर्वांत वाईट वेळी. खड्डा सर्वांत मोठा, उघडी जमीन सर्वांत जास्त, अशा वर्षी.

मग नकाशा आणि मोजमाप. समजा, खड्डा १ किलोमीटर लांब, ६० मीटर रुंद आणि ४० मीटर खोल आहे. कडा सरळ धरल्या तर पोकळी झाली २४ लाख घनमीटर. भरणीचा दर घनमीटरला १०० रुपये धरला तर २४ कोटी. हे आकडे माझे, समजुतीपुरते. पण दगड-मातीचा ढिगारा खड्ड्याच्या काठावर असेल तर डोझरने ढकलून भागते. तोच दोन किलोमीटरवर असेल आणि वाट चढणीची असेल, तर लोडर लागतो, डंपर लागतात, डिझेल जळते, तासाच्या फेऱ्या घटतात. दर १५० वर गेला की १२ कोटी वाढले. शिवाय फोडलेला खडक फुगतो, त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. यानंतर वरची सुपीक माती पसरणे, बियाणे, इमारती पाडणे. त्यावर यंत्रे आणण्या-नेण्याचा खर्च, ठेकेदाराचा नफा, देखरेख, महागाई आणि न सांगता येणारा खर्च.

अनामत परत मिळते तीही हप्त्याहप्त्याने. भरणी, सपाटीकरण आणि पाण्याचा निचरा झाला की ६० टक्क्यांपर्यंत. पुढचा भाग हिरवळ रुजल्यावर. उरलेल्यासाठी किमान पाच वर्षे थांबायचे. वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडतो तिथे दहा वर्षे. रोप लावले की फोटो काढून मोकळे होणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

एवढे करूनही एक फट राहिली. भक्कम कंपन्यांना नुसत्या स्वतःच्या शब्दावर हमी देण्याची मुभा होती. २०१५ मध्ये अल्फा नॅचरल रिसोर्सेस ही कंपनी दिवाळखोरीत गेली. वायोमिंग राज्यात तिची ४१.१ कोटी डॉलरची हमी अशी तोंडी जमाखर्चाची होती. राज्याने ६.१ कोटी डॉलरच्या हक्कावर तडजोड केली, म्हणजे जेमतेम सातवा हिस्सा. पुढच्याच वर्षी आर्च आणि पीबडी या बड्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

आपल्याकडे कोळसा मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये खाणबंदीची मार्गदर्शक तत्त्वे आणली. खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी १ लाख रुपये या हिशेबाने एस्क्रो खात्यात दरवर्षी भरायचे. २०२० मध्ये हे दर ९ लाख आणि दीड लाख झाले. खात्यात खरोखर पैसे पडतात, ही जमेची बाजू. पण हेक्टर लांबी-रुंदी मोजतो, खोली नाही. माझा मघाचा खड्डा ६ हेक्टरचा, म्हणजे ९ लाखांच्या दराने ५४ लाख. भरणीचा अंदाज २४ कोटी! हेक्टर सगळ्या प्रकल्पाचे मोजतात, त्यामुळे एकूण रक्कम इतकी तोकडी नसते, हे खरे. तरीही ढिगारा किती दूर आहे, हे त्या दराला कळत नाही.

चंद्रपूर-वणी भागात खाणीच्या विस्तारासाठी जनसुनावणी लागते, तेव्हा लोक नोकरी आणि मोबदला विचारतात; तो त्यांचा हक्कच आहे. जोडीला आणखी दोन प्रश्न विचारता येतील. शेवटचा खड्डा किती खोल राहणार? आणि तो भरायची माती कुठे टाकून ठेवणार?